खांबेट्यांचा व्हेटो

रविवार, सहा जुलै, सकाळी साडेदहा. स्थळ: खांबेट्यांचं जेवणाचं टेबल, ब्राउनश्वाइग. हजर: मिलिंद खांबेटे (कार्यकारी शाखा), त्यांची पत्नी वृंदा (विधिमंडळ), मुलगी रेवा (न्यायपालिका) आणि टिपणं घ्यायला मी, समोरच्या दारातली शेजारीण. गैरहजर: कोणी नाही.

ही थट्टा नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खांबेट्यांकडे सभा भरते आणि हजेरी अशीच लिहावी लागते. एकदा मी नुसतंच 'घरातले सगळे' लिहिलं, तर खांबेटे म्हणाले, "वहिनी, सगळे म्हणजे कोण? सत्ता एका हाती नको, तशी एका शब्दातही नको."

'सत्ता एका हाती नको' हे त्यांचं पालुपद. टीव्हीचा रिमोट, आमटीचा डाव, हीटरची कळ, सगळ्यांना ते लागू आहे.

खांबेटे गिअरबॉक्सचे इंजिनिअर. पासपोर्ट भारताचा, नोकरी जर्मनीतली आणि जीव अडकलाय अमेरिकेच्या राज्यघटनेत. अमेरिकेला ते एकदाही गेलेले नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून जायचं ठरत होतं, तेव्हा तयारी म्हणून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना एकत्र छापलेली छोटी पुस्तिका घेतली. व्हिसा मिळाला नाही, पुस्तिका राहिली. ती अजून शर्टाच्या खिशात असते.

"अहो, कायदा कसला, हा गिअरबॉक्स आहे," ते समजावतात. "इंजिन थेट चाकाला जोडलं तर काय होईल? मोडेल! म्हणून मध्ये तीन शाफ्ट. संसद, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय. एकानं फार जोर केला की दुसरा अडवतो. ज्यांनी हे ब्रेक बसवले ना वहिनी, त्यांना वेगाची भीती नव्हती. ड्रायव्हरची होती. गेनाऊ, अगदी बरोबर!"

हाच गिअरबॉक्स त्यांनी घरात बसवला. वृंदा कायदे करते, म्हणजे पडदे कोणते घ्यायचे ते ठरवते. खांबेटे अंमलबजावणी करतात, म्हणजे स्टुलावर चढून ते लावतात. रेवा भांडणं मिटवते. राष्ट्राध्यक्षाला व्हेटो असतो, म्हणून तो खांबेट्यांनाही आहे. पण दोन-तृतीयांश मतांनी व्हेटो उलटवता येतो, आणि घरात माणसं तीन. मायलेकी एक झाल्या की बरोबर दोन-तृतीयांश! आजवर त्यांचा एकही व्हेटो टिकलेला नाही. पडदे पिवळेच आले.

"पण न्यायपालिकेला मत कसं?" मी एकदा विचारलं.

"लहान देश आहे," खांबेटे म्हणाले. "माणसं कमी पडतात."

रात्रीतून श्रीखंड संपलं आणि वृंदाने जाब विचारला, तर हे शांतपणे म्हणतात, "पाचवी दुरुस्ती. स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही." मिशीला केशर लागलेलं असतं. जिन्यात लावलेल्या इमारतीच्या नियमावलीवरही त्यांचा राग. दुपारी एक ते तीन आवाज नको, सायकल नको, गालिचा झटकणं नको! "यात नुसतं 'नको नको' आहे. भाडेकरूचे हक्क कुठे आहेत?" असं म्हणून त्यांनी दहा हक्क जर्मनमध्ये लिहून शेजारी चिकटवले. पहिला हक्क फोडणीच्या स्वातंत्र्याचा. दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या क्राउझे आजोबांनी तो कागद परत आणून दिला. हक्कांना त्यांची हरकत नव्हती. व्याकरणाच्या चौदा चुका मात्र पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या.

हसायला येतं, पण रेवा चौदा वर्षांची असताना वृंदाला तिचं दप्तर तपासायचं होतं, तेव्हा हा माणूस दारात आडवा उभा राहिला होता. "वॉरंट कुठाय? संशय कसला, शोधायचं काय, लेखी दे." वृंदा चिडून माझ्याकडे आली. दप्तर काही कोणी उघडलं नाही. महिन्याभराने रेवाने आपणहून सगळं आईला सांगितलं, असं वृंदाच मला म्हणाली.

एवढं असून एका विषयावर या घरात कधी मतदान झालं नाही. रेवाने बारावीनंतर इथेच, ब्राउनश्वाइगला, मेकॅनिकल करायचं आणि घरी राहायचं, हे खांबेट्यांनी ठरवून टाकलं होतं. रेवाला दूर येना शहरात जायचं होतं, भिंगांचं आणि प्रकाशाचं शास्त्र शिकायला. विषय निघाला की खांबेटे म्हणत, "हे घटनेच्या कक्षेबाहेर आहे." वर्षभर ती दोघं एका टेबलावर जेवत होती आणि मीठ वृंदाकडून मागत होती. अर्जाची मुदत जवळ आली, तशी वृंदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अनघा, पोरगी न सांगता निघून जाईल गं. आणि हे तिला थांबवणारही नाहीत, परत बोलावणारही नाहीत."

म्हणून त्या रविवारी मी दोन पेनं घेऊन गेले होते.

रेवाने दोन कागद टेबलावर ठेवले. ती मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. हे कागद मात्र मराठीत होते, तिच्या हाताने लिहिलेले. वर शीर्षक: 'स्वातंत्र्याचा जाहीरनामा'. खांबेट्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

सुरुवातीची वाक्यं झाली. राज्य करणाऱ्याला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीतून, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग तक्रारी सुरू झाल्या. "त्यांनी माझी निर्णय स्वतः घेतला. त्यांनी माझा अर्ज मला न विचारता भरला. त्यांनी माझ्या खोलीत नवीन टेबल आणला, म्हणजे मी जाणार नाही. त्यांनी एक वर्ष माझं ऐकला नाही." अशा अकरा तक्रारी होत्या.

खांबेटे थांबले. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "पण यातला राजा कोण?"

"अहो," वृंदा म्हणाली, "अजून कळलं नाही?"

मी टिपण घेणं थांबवलं. पंचवीस वर्षं हा माणूस त्या पुस्तिकेत राजाविरुद्ध उभं राहणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. आता खुर्ची बदलली होती.

रेवाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे सहीसाठी जागा आखलेली होती. "पप्पा, उंटरश्रिफ्ट," ती हळूच म्हणाली. सही.

खांबेट्यांनी तांबडं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. "मी सही करणार नाही."

वृंदाने डोळे मिटले. रेवा उठायला लागली.

"बस. मूळ कागदावर राजाची सही कुठे आहे? नाहीच. लागतच नाही. राजाची सही लागली असती, तर तो जाहीरनामा झाला नसता, आन्ट्राग झाला असता! नुसता अर्ज! आणि राजाने तो ड्रॉवरमध्ये टाकला असता." त्यांनी घसा साफ केला. "तू अर्ज कशाला करतेस? तू जाहीर केलंस. झालं."

"आल्झो…" रेवा गोंधळली. "जा ओडर नाइन?" म्हणजे, हो की नाही?

"जा!" खांबेटे म्हणाले. "जा म्हणजे जर्मन जा. आणि मराठी जा पण."

वृंदा इतक्या जोरात हसली की तिला उचकी लागली. मग पोहे झाले, चहा झाला, आणि कितीतरी महिन्यांनी खांबेट्यांनी थेट लेकीला सांगितलं, "मीठ दे."

मी निघाले तेव्हा ते बाल्कनीत होते. मला खूण करून त्यांनी बोलावलं आणि पहिला कागद पुढे केला. "वहिनी, रविवारच्या वर्गात हिला मराठी तुम्ही शिकवलंत ना? ही पहिली ओळ बघा."

मी वाचली. 'आपण ही सत्ये उघड मानतो.'

"'आम्ही' हवं," मी म्हणाले. "जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द, म्हणून मुलं चुकतात."

"इंग्रजीतही एकच." ते खाली ट्रामकडे बघत होते. "वेगळी होणारी माणसं 'आम्ही' म्हणतात. समोरच्याला बाहेर ठेवून. हिने 'आपण' लिहिलं. ज्याच्यापासून वेगळं व्हायचं, त्यालाही आत घेतलं. चुकून." तांबडं पेन खिशातच होतं. "मी दुरुस्त करत नाही. तुम्ही सांगा तिला. तुमचं काम आहे ते. सवडीने सांगा."

त्या दिवशीच्या टिपणात शेवटी तीन कामं लिहिली होती. अर्ज पाठवणे, जबाबदारी रेवा: त्याच संध्याकाळी झालं. येनात खोली बघणे, जबाबदारी वृंदा: सप्टेंबरात झालं. रेवाला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक समजावून सांगणे, जबाबदारी माझी.

आता ऑक्टोबर संपत आला. त्या कामापुढे अजून खूण केलेली नाही.