प्रभाकरकाकांचं नाक

"त्याले पिल्सनर म्हनशीन तर फोन ठेवतो मी."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून हे वाक्य आलं आणि फोन खरंच ठेवला गेला. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. दोन टॉवेल आणि एक चादर होईपर्यंत पुन्हा रिंग वाजली.

"हं. मंग काय ठरलं?" पलीकडचा आवाज म्हणाला, जणू मधे काही झालंच नव्हतं.

आमच्या बुलढाण्यात बाप-लेक फोनवर भांडतात ते शेतावरून, लग्नावरून, नाहीतर बदलीवरून. प्रभाकरकाका मुलाशी बिअरच्या प्रकारावरून भांडतात. मुलगा, म्हणजे निखिलदादा, पुण्यात एका छोट्या जागेत स्वतःची बिअर बनवतो. काका स्वतः संभाजीनगरकडच्या एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर बुलढाण्यात आले. हवा थंड आहे आणि रेल्वे नाही म्हणून पाहुणे कमी, अशी दोन कारणं ते सांगतात. काकू गेल्यापासून पाहुणे आणखी कमी झाले, पण ते कारणांत धरत नाहीत.

त्यांची पहिली ओळख नाकानेच होते. काका कुठलीही गोष्ट हातात घेतली की आधी नाकाला लावतात. कोथिंबिरीची जुडी, लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट, नवी चप्पल. आईने एकदा पुरणपोळ्या पाठवल्या, तर दारातच झाकण उघडून म्हणाले, "वहिनी, जायफळ मागच्या वर्षीचं आहे." आई चार दिवस धुसफुसत होती, कारण जायफळ मागच्या वर्षीचंच होतं.

बाजारपेठेतल्या बिअरच्या दुकानदाराने त्यांना एकदा सांगितलं, "काका, आपल्याकडे दोनच स्टाइल. थंड अन् गरम." त्यावर काकांनी त्याला अर्धा तास समजावलं, मागे रांग लागलेली असताना. हल्ली काका दिसले की तो आतल्या खोलीत खोके मोजायला जातो.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचून दाखवायला. मी घरूनच एका कंपनीचं काम करते. त्यात बोलावं कमी लागतं, म्हणूनच ते काम घेतलं. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे 'मले' म्हटलं की वर्ग हसायचा, म्हणून मी लवकरच 'मला' शिकले आणि त्याहून लवकर गप्प राहायला शिकले. काका मला म्हणतात, "तू पुस्तकातून बोलतं वो पोरी. खाली उतर की थोडं." आईला आधी काळजी होती. बिअरवाल्याच्या घरी मुलगी रोज जाते म्हणजे काय? काकांनी भिंतीवरूनच खुलासा केला, "वहिनी, पोरगी पीत नाही. वाचते."

वाचायचं असायचं ते निखिलदादाने पाठवलेलं. जगभरच्या बिअरचे प्रकार, त्यांचे नियम, रंग, कडूपणा. एका यादीत शेवटी 'इतर' असा कप्पा होता आणि निखिलदादा बनवायचा तसली, हॉप्सच्या वासाची फिकट लागर त्या कप्प्यात होती. मी ते वाचल्यावर काका उठून उभे राहिले.

"इतर? इतर म्हनजे काय? फॉर्मवर जागा नाही उरली म्हनून कोनालेबी कोंबायचं?"

हा वाद मला आधी चेष्टेचा वाटला होता. मग काकांनी तो समजावला आणि मी हळूहळू त्यात ओढली गेले. लागर ही थंडीत, सावकाश, आठवडे घेऊन तयार होणारी बिअर. स्वच्छ, सरळ. पिल्सनर हा तिचाच जुना, फिकट प्रकार. हॉप्स म्हणजे वेलीवरची हिरवी फुलं. ती उकळीत घातली की कडूपणा देतात. पण शेवटी, सगळं थंड झाल्यावर घातली, तर कडूपणा फारसा वाढत नाही, वास मात्र उसळून येतो.

"फोडनी आधी देली तर ते वरन," काका म्हणायचे. "वरून देली तर त्याचं सारं सोंगच पालटते. कडूपना जिभेवर असते पोरी. हॉप्सचा जीव नाकात असते. जिभेले या दोन बिअरा सारख्याच लागतीन. नाकाले नाही."

निखिलदादाचं म्हणणंही मला पटायचं. फोन स्पीकरवर असला की तो शांतपणे सांगायचा, "बाबा, जुन्या पिल्सनरमध्ये हॉप्स असतातच. थोडे जास्त, थोडे उशिरा घातले म्हणून वेगळा प्रकार कसा होईल? उद्या कोणी कमी घातले तर तो तिसरा?"

"पिठल्यातलं पानी कमी केलं का झुनका होते. मंग झुनक्याले काऊन वेगळं नाव देलं बे?"

"ते जेवण आहे, बाबा."

"अन् हे काय आंघोळीचं पानी आहे?"

निखिलदादाच्या बिअरचं लेबल छापायचं होतं आणि त्यावर पिल्सनर टाकायचं की वेगळं नाव, हे ठरत नव्हतं. एवढीशी गोष्ट काकांना इतकी का लागते, ते एका दुपारी कळलं. कारखान्यात असताना त्यांनी साहेबांना विनवून एका लहान टाकीत अशी लागर केली होती, हॉप्स शेवटी घालून. साहेबांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाले, याला वास येतोय. लोकांना थंड पाहिजे, कडक पाहिजे, वास कोणाला पाहिजे? टाकीवर चिठ्ठी लावायची होती, पण या बिअरला नावच नव्हतं. कागदावर 'इतर' लिहिलं आणि टाकी गटारात सोडली.

"नाव असतं तर एखादा विचारता तरी, का बाप्पा हे काय आहे," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

वाचनाच्या जोडीला ते माझी शिकवणीही घ्यायचे. "तुह्यं नाक तयार करून राह्यलो मी." रोज एक वस्तू. मी म्हणायचे, चांगला वास आहे. ते चिडायचे. "चांगला हा वास नसते. चांगला हे सर्टिफिकेट असते. वास सांग." निखिलदादाने त्याच्या बिअरचं इंग्रजी वर्णन पाठवलं, त्यातल्या परदेशी फळांची नावं त्यांनी उडवून लावली. "हे इथं कोनी पाह्यलं? आपल्या वासात सांग." मग आम्ही दोघांनी बसून भाषांतर केलं. आधी संत्र्याची साल. मागून गवती चहा. तळाशी सलईचा डिंक. तो कागद त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला की मला कंटाळा आला.

अशीच वाचत असताना एकदा मला करपल्याचा वास आला. आत गॅसवर दूध होतं. काका दरवाज्याच्या जास्त जवळ बसले होते. ते म्हणाले, "वाच की, थांबली काऊन?" धूर बाहेर यायला लागला तरी त्यांचं लक्ष कागदावर. मी उठून गॅस बंद केला. पातेलं काळं झालं होतं.

"पातेलंच पातळ आहे ते," काका म्हणाले.

मी पातेलं पाण्यात भिजत घातलं. पण मग मागचं एकेक जुळत गेलं. कोथिंबीर अजून नाकाला लागायची, पण काका तिच्याबद्दल काही बोलायचे नाहीत. आईच्या पुरणपोळ्यांना वर्षभरात एकही शेरा मिळाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी महिनाभर ते तापाने झोपून होते, त्यानंतरचंच हे सगळं. आणि त्याच दोन वर्षांत निखिलदादाने दहा वेळा बोलावलं तरी ते पुण्याला गेले नव्हते. गुडघे, ऊन, बस, काहीतरी निघायचंच. "बाबांना माझी बिअर चाखावीशी वाटत नाही," असं तो एकदा स्पीकरवर म्हणाला होता. काका त्यावर 'रेंज नाही' म्हणाले होते.

मला कळलंय हे त्यांना कळलं होतं का, माहीत नाही. शिकवणी चालू राहिली. ते विचारायचे, मी वास सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे.

मार्चमधल्या एका रविवारी निखिलदादाच आला. गाडीत बर्फाची पेटी. मी घरी नेलेला तो वर्णनाचा कागद परत द्यायला गेले होते, तर काका म्हणाले, "पोरीले बसू दे इथं."

"बाबा, उद्या लेबल छापायला जातंय. आज निकाल लावून टाकू." त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला. "आठवतं? लहानपणी माझे डोळे बांधून वास ओळखायला लावायचे. आज तुमची पाळी. एका ग्लासात दुकानातली साधी पिल्सनर, एकात माझी. माझी ओळखलीत तर तुम्ही म्हणाल ते नाव. नाही ओळखलीत तर पिल्सनर."

काका हसले. "माह्याच लॅबमधी माहीच परीक्षा?" पण टॉवेल त्यांनी मुकाट बांधून घेतला. निखिलदादाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला तो लहान मुलगा दिसला, बापाने ओळखावं म्हणून वाट बघणारा.

दोन ग्लास भरले. मी तीन हात लांब होते, तरी दुसऱ्या ग्लासातून संत्र्याची साल सरळ माझ्यापर्यंत आली. मागून गवती चहा. पहिल्यातून ओल्या धान्यासारखं काहीतरी पुसट.

काकांनी पहिला ग्लास नाकाला लावला. दुसरा लावला. पुन्हा पहिला. एक घोट याचा, एक त्याचा. मग टॉवेल बांधलेलं तोंड त्यांनी एकदा माझ्या दिशेने वळवलं. खूण म्हणून मी नुसती खोकले असते तरी चाललं असतं. मी ओढणीचं टोक धरून बसले.

त्यांनी पहिला ग्लास उचलला. "हा. आधी संत्र्याची साल. मागून गवती चहा. तळाशी सलईचा डिंक. वा!"

ते शब्द मी ओळखले. ते ग्लासातून आले नव्हते. कागदातून आले होते, माझ्या आवाजात.

निखिलदादाने तो ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "हा दुकानातला आहे, बाबा." त्याने दुसरा ग्लास आपल्याकडे ओढून घेतला. "मला बरं वाटावं म्हणून काही म्हणायची गरज नव्हती. ठीक आहे. तुम्हालाच फरक कळत नाही, तर गिऱ्हाइकाला काय कळणार."

काकांनी टॉवेल सोडला. त्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"छाप मंग," ते म्हणाले. "पिल्सनरच आहे ते."

ज्या वाक्यासाठी ते फोन आपटत होते, ते स्वतः म्हणून त्यांनी घडी मांडीवर ठेवली. निखिलदादा पेटीचं झाकण लावायला वाकला. मनात मी एक वाक्य तयार केलं, इंग्रजीत, मग शुद्ध मराठीत. दोन्ही ओठांपर्यंत आली नाहीत. तिसरं मी तयार केलंच नव्हतं, ते आपोआप आलं, इतक्या मोठ्याने की काका दचकले.

"दादा, दुसरा गिलास वेगळा आहे. काकाले वास येत नाही. मले येते."