शेवंतीवाली बाई

घराची विक्री थांबवायची म्हणून मी तैलचित्र शिकायला लागलो. ऐकायला विचित्र वाटेल, पण पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला याहून सरळ उपाय सुचत नाहीत. (सुचले असते तर पोस्टमास्तर नसतो झालो?)

घर माझ्या सासूबाईंचं. त्या वसंतात गेल्या आणि माझी बायको ओदिल म्हणू लागली, "हे घर मला खायला उठतं. विकू आणि बहिणीजवळ लिआँला फ्लॅट घेऊ." माझा सगळा जीव मागच्या बागेत. म्हटलं, हिचा पाय निघणार नाही असं बागेचं चित्र काढायचं. स्वतःचं कुठलं सुचायला? एका जुन्या इम्प्रेशनिस्ट चित्राची छापील प्रत आणली, झाडाखाली ईझल मांडलं आणि नक्कल सुरू केली. बागेत बसलेली पांढऱ्या झग्यातली तरुणी, मांडीवर गुलाब.

नगरपालिकेच्या वर्गातले आमचे मास्तर, मस्ये कोर्बिनो, दोनच गोष्टी बजावत. एक, सावलीत काळा रंग घालायचा नाही; सावली निळी, जांभळी. दुसरी, तेल बेतानं. पहिली मी पाळली. दुसरी सांगितली तेव्हा मी नाक शिंकरत होतो.

ऑक्टोबरात गुलाब कुठले? पण दाराशी शेवंतीच्या कुंड्या होत्या, सर्व संतांच्या सणाला आईच्या कबरीवर ठेवायला ओदिलनं आणलेल्या. शेवटी फूल ते फूल, म्हणून तीच रंगवली. (जिवंत माणसाच्या हाती आमच्याकडे कुणी शेवंती देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी पाकळ्यांत गुंग होतो.)

संध्याकाळी बाई विशीची होती. सकाळी तिचे गाल थोडे ओघळले होते. मी पाठ फिरवून कॉफी प्यायलो, तर मानेवर कुणाची तरी नजर जाणवली. ही नजर ओळखीची होती. दर रविवारी जेवताना ती माझ्या ताटावर असे. दुसऱ्या दिवशी धुक्यात जाऊन पाहिलं, तर पापण्या जड, ओठांचे कोपरे खाली, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी.

मास्तरांना फोन लावला.

"तेल किती घातलंस?"

"अर्धी बाटली."

"मग ती ओघळणारच, गाढवा!"

जरा धीर आला. पण ओघळणाऱ्या रंगाला डाव्या गालावरचा तीळ कुठून सापडला, हे काही मी विचारलं नाही.

धुकं निवळताच ओदिल धुणं वाळत घालायला आली आणि तिच्या हातातली बादली खाली पडली.

"आई!"

"अगं, ही चित्रातली गुलाबवाली..."

"गुलाब? माझ्या कुंडीतली शेवंती आहे ती, बाझील! आणि तोंड बघ. शेवटच्या दिवशी होतं तस्संच निळं!"

"ती सावली गं. मास्तर म्हणतात..."

"चुलीत गेले तुझे मास्तर!"

ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"खबरदार पुसलंस तर! आई परत आलीय. आता घर कसं विकायचं? तिनं जायचं कुठं?"

बाग वाचली! मनातल्या मनात मी टोपी उडवली. त्याच दुपारी चित्र जेवणघरात लागलं, बरोबर माझ्या खुर्चीसमोर. ओदिलनं जवळ जाऊन पाहिलं.

"हुबेहूब आहे," ती म्हणाली, "फक्त डोळे चुकलेत. तुझ्याकडे आईनं इतक्या मायेनं कधी पाहिलं नाही."

ते खरंच होतं. पण ब्रश धुऊन झाले होते, म्हणून मी तसंच राहू दिलं. सकाळी कॉफी घेऊन खुर्चीत बसलो आणि वर पाहिलं. चूक दुरुस्त झाली होती.

ओदिल शपथेवर सांगते, तिनं ब्रशला हात लावला नाही. मी मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, चित्राला नाक लावलं आणि पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली.

"बाकी सगळा चिखल आहे, बाझील. पण हे डोळे! हे मात्र कुणीतरी चित्रकला येणाऱ्या माणसानं काढलेत."