जपानी शिकण्याची त्रेसष्ट साधनं

जपानी शिकवणारी एकूण त्रेसष्ट साधनं मला इंटरनेटवर सापडली. त्यांत एकोणीस अ‍ॅप, बावीस व्हिडिओ वाहिन्या, तेरा संकेतस्थळं आणि सहा नुसत्या ऐकायच्या मालिका होत्या. उरलेली तीन साधनं उघडली की आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागायची आणि नंतर काहीच लागायचं नाही, म्हणून ती मी 'इतर' या गटात घातली. त्रेसष्टपैकी एकेचाळीस साधनांनी आपण सर्वोत्तम असल्याचं स्वतःच जाहीर केलं होतं. हे प्रमाण शास्त्रीयदृष्ट्या संशयास्पद आहे, याची नोंद मी तेव्हाच केली.

हे काम मी हौसेखातर केलं नाही. आमच्या संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर एक जपानी फ्रीजर आहे. कपाटाएवढा, पांढरा, आत उणे ऐंशी अंश. त्यात ताईंचे नमुने होते. ताई म्हणजे केंद्रातल्या सर्वांत ज्येष्ठ संशोधक. त्यांना संचालकही ताईच म्हणतात. एका तळ्यातलं शेवाळ त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं होतं. त्या तळ्याच्या जागी आता वाहनतळ आहे. त्यामुळे ते शेवाळ जगात फक्त आमच्या तळमजल्यावर उरलं होतं.

एका सोमवारी फ्रीजरच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत जपानी मजकूर चमकू लागला आणि तापमान उणे अठ्ठ्याहत्तरवर आलं. ताईंनी मोबाइलचा कॅमेरा समोर धरला. मोबाइलने तिथल्या तिथे भाषांतर दिलं: 'मागची जाळी धुळीने भरली आहे. झाकण काढून साफ करा.'

ताई ब्रश घेऊन आल्या. झाकणावर मात्र केंद्राचं सील होतं आणि ते तोडायला संचालकांची लेखी परवानगी लागत होती. ताई तशाच, ब्रश हातात घेऊन, वरच्या मजल्यावर गेल्या. टिपणं घ्यायला त्यांचा सहायक म्हणून मी मागे होतोच.

"भाषांतर कोणी केलं?" संचालकसाहेबांनी विचारलं.

"मोबाइलने."

"खाली सही?"

"मोबाइलची?"

"ताई, चिडू नका. उद्या चौकशी झाली, यंत्र काय म्हणत होतं हे तुम्हाला सांगितलं कोणी, असं विचारलं, तर मी काय मोबाइलला साक्षीला उभा करू?"

"मग नमुने तरी शेजारच्या फ्रीजरमध्ये हलवू द्या."

शेजारचा फ्रीजर नवाकोरा होता. चालू, रिकामा, उणे ऐंशीवर. त्याला लाल फीत बांधलेली होती, कारण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची तारीख अजून मिळत नव्हती.

"आत आधीच सामान भरलं तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?" साहेब म्हणाले. "शिवाय बिघाड नसताना नमुने हलवता येत नाहीत. आणि संदेश अधिकृतपणे वाचला जात नाही तोवर बिघाड आहे, असं आपण म्हणूच शकत नाही."

यात तर्काची चूक मला कुठेही आढळली नाही.

केंद्राकडे स्वतःचा जपानी वाचणारा माणूस हवा, असं ठरलं. हेडक्लार्कांनी सर्वांचे नोकरीचे अर्ज काढले. माझ्या अर्जात छंदांच्या रकान्यात 'वाचन, भटकंती, परकीय भाषा' असं होतं. पहिले दोन छंद लिहूनही ओळ अर्धी रिकामी राहत होती, म्हणून मी तिसरा लिहिला होता. दुपारपर्यंत मी जपानी भाषा समन्वयक झालो. भाषा शिकायची, संदेश वाचायचा आणि भाषांतराखाली सही करायची, एवढंच माझं काम होतं.

"किती दिवस लागतील रे?" ताईंनी जिन्यात गाठून विचारलं.

"आधी योग्य साधन निवडायला हवं."

"घे की त्यातलं कुठलंही एक."

"ताई, पद्धत तपासल्याशिवाय प्रयोग सुरू करायचा नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं," ताई म्हणाल्या. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

मी कामाला लागलो. उच्चारांची स्पष्टता, लिपीची ओळख, शिक्षकाचा उत्साह (जास्तीचा असल्यास गुण वजा) अशा अकरा निकषांवर प्रत्येक साधनाला गुण द्यायचे ठरवले. तुलना न्याय्य व्हावी म्हणून प्रत्येक साधनाचा पहिला धडा पूर्ण केला. पहिला धडा साठ वेळा झाल्यामुळे 'नमस्कार' आणि 'ही छत्री आहे' ही दोन वाक्यं मला निर्दोष येऊ लागली. दुसरा धडा कोणत्या साधनातून करायचा, याचा निर्णय मात्र होत नव्हता. एक वाहिनी म्हणे, आधी लिपी शिका. दुसरी म्हणे, लिपीला हात लावाल तर पस्तावाल. तिसरीतल्या गृहस्थांनी आपण झोपेत जपानी शिकल्याचं सांगितलं आणि ते अविश्वसनीय वाटू नये म्हणून शेजारी उशी ठेवली होती.

फ्रीजर उणे एकसष्टवर आला.

दरम्यान साहेबांना प्रगतीचा आकडा हवा होता. एकोणीस अ‍ॅपपैकी एकात बगळा होता. रोज पाच मिनिटं धडा केला की बगळ्याच्या चोचीत मासा पडायचा आणि सलग दिवसांचा आकडा एकाने वाढायचा. खंड पडला की बगळा रडायचा. आकडा मिळतो म्हटल्यावर साहेबांनी तो बगळा साऱ्या केंद्राला सक्तीचा केला. सूचनाफलकावर फ्रीजरच्या तापमानाचा तक्ता लागत असे, तो काढून तिथे सलग दिवसांचा तक्ता लावला, कारण पहिल्या तक्त्यातली थंडी उतरत होती आणि त्याने कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खचत होतं.

दुसऱ्या आठवड्यात साहेब पहिले आले. त्यांचा बगळा त्यांचा ड्रायव्हर सांभाळायचा. ड्रायव्हरचा बगळा त्याची बायको सांभाळायची. हेडक्लार्क जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या आणि आणखी चौघांच्या बगळ्यांना मासे घालायचे. एकदा मला ताप आला. जाग आली तेव्हा माझा मोबाइल आईच्या हातात होता.

"अरे, हा पक्षी कधीचा रडतोय," आई म्हणाली. "काय मागतोय ते कळेना. मी आपलं दिसेल तिथे दाबलं. गप्प झाला बिचारा."

"धडा झाला?"

"शंभर टक्के आलेत बघ. तुला कधी आले होते का शाळेत?"

केंद्राचं सरासरी यश ब्याण्णव टक्के झालं, तेव्हा साहेब आढावा घ्यायला तळमजल्यावर उतरले. मागे सगळा कर्मचारीवर्ग. काचेवर पिवळी अक्षरं चमकत होती, खाली आकडा होता उणे अडतीस. साहेबांनी मागे हात बांधले, मजकुरावरून सावकाश नजर फिरवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "कोरे वा कासा देस."

टाळ्या झाल्या. हेडक्लार्कांचे डोळे भरून आले.

"काय म्हणाले?" ताईंनी हळूच मला विचारलं.

"ही छत्री आहे."

"तू टाळ्या का वाजवल्यास मग?"

"उच्चार अचूक होता."

त्या संध्याकाळी ताई माझ्या टेबलाशी आल्या. मोबाइलचं भाषांतर त्यांनी कोऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून आणलं होतं. कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"दोनच ओळी आहेत. खाली सही कर. साहेब परवानगी देतील, मी जाळी झाडते, विषय संपला. हे बरोबर आहे, तुलाही माहीत आहे."

"माहीत असणं आणि पडताळलेलं असणं यांत फरक आहे, ताई."

"शेवाळाला नाही फरक पडत."

"माझ्या सहीला पडतो. मला एक अक्षर वाचता येत नसताना मी कसं लिहून देऊ? बगळ्यात घरगुती उपकरणांचा पाठ आहे, सलग शंभर दिवस भरले की तो उघडतो. तेवढं थांबा."

ताई म्हणाल्या, "तू माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होतास," आणि कागद तिथेच ठेवून गेल्या. पेन मात्र घेऊन गेल्या.

पुढचे काही दिवस मी यादीवर शेवटचा हात फिरवला. तिला साधनांची क्रमवारी, गुणांचे आलेख आणि 'आपण कोणत्या प्रकारचे विद्यार्थी आहात?' ही चाचणी जोडली. यादी फार वाखाणली गेली. दुसऱ्या दोन केंद्रांनी मला व्याख्यानाला बोलावलं. जपानी कशी शिकावी, यावर मी तासभर बोललो. जपानीत काही म्हणून दाखवा, असं श्रोत्यांतून कोणी म्हणालं नाही. नंतर भेटलेल्या बहुतेकांकडे स्वतःची एकेक यादी होती.

मी परतलो त्या सकाळी तळमजल्यावर पाणी होतं. त्या पाण्यात ताई साडी खोचून, गुडघ्यांवर बसून फ्रीजरच्या मागे ब्रश फिरवत होत्या. सील फाटून बाजूला पडलं होतं. जाळीतून राखाडी धुळीची जाड घडी निघाली, उशीच्या कापसासारखी. झाकण लावताच पिवळी अक्षरं गेली. सगळं मिळून एक चहा निवेल एवढा वेळ लागला. काचेवर आकडा होता अधिक चोवीस.

"आता पडताळून घे," ताई म्हणाल्या. "भाषांतर बरोबर होतं."

चौकशी समितीने तीन बैठका घेतल्या. परवानगीशिवाय सील तोडल्याबद्दल ताईंकडून लेखी खुलासा मागवला. ताईंनी खुलाशाऐवजी राजीनामा दिला; तो खुलाशाच्या नमुन्यात नसल्यामुळे परत आला. साहेबांचा केंद्राला एकही दिवस खंड न पडू देता भाषासाक्षर केल्याबद्दल गौरव झाला. सत्कारात शाल ड्रायव्हरने धरली होती. मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर चार ओळी जपानीत आहेत. त्या काय म्हणतात, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

यादी आता केंद्राच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. हे शीर्षक पाहून तुम्ही वाचायला बसलात आणि शेवटी यादी मिळेल म्हणून इथवर आलात, याची मला कल्पना आहे. तुमच्याआधी तीन हजार आठशे जणांनी ती सवडीने बघू म्हणून आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतली. तिच्यातले दुवे आजवर नऊ वेळा उघडले गेले. त्यांतल्या सात वेळा मी उघडले, चालू आहेत ना ते पाहायला.

फ्रीजर पुन्हा उणे ऐंशीवर आहे. ताईंच्या नळ्या मी गेल्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासल्या. नळ्या चारशे बारा. जिवंत पेशी शून्य.