हातात काय पडलं?

आमच्या तात्या परबांकडे चहाला जाणार असाल तर घरून अर्धा कप पिऊनच निघा. चहा ते फक्कड करतात, आलं ठेचून, गवती चहा घालून. कप भरून तुमच्यासमोर ठेवतात आणि तुम्ही हात पुढे केलात की त्यातून एक चमचा काढून स्वतःच्या कपात ओततात. "ही लिस्टिंग फी, माल मांडल्याची." मग दुसरा चमचा. "ही विकल्याची फी." तिसरा. "ही पैसे पोचवल्याची फी." आणि शेवटी चमच्याच्या टोकावर दोन थेंब. "हा वरच्या तीन चमच्यांवरचा जीएसटी. आता बघ, हातात काय पडलं?"

पहिल्यांदा हसू येतं. सतराव्या वेळी मी वैतागून म्हटलं, "तात्या, मला तुमचा चहाच नको."

"मग कॅन्सलेशन चार्ज लागेल," तात्या म्हणाले.

तात्या भांडुपला आमच्या समोरच्या दारात राहतात. एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, आणि ती गेल्यावर गेली अकरा वर्षं अडकित्त्यांचं करतात. भंगारवाल्यांकडे जायचं, किलोच्या भावात पडलेले जुने पितळी अडकित्ते शोधून आणायचे, चिंच लावून घासायचे, पात्याला धार लावायची आणि लिलावाच्या एका साइटवर विकायला ठेवायचे. सुपारी कोणी खात नाही आता, पण कपाटात ठेवायला लोक घेतात. धंदा तसा झकास. पण पाचशेला अडकित्ता विकला की साइटवाले इकडून कापतात, पैसे पोचवणारे तिकडून कापतात, आणि खात्यात जे येतं ते बघून तात्यांच्या तोंडून अस्सल मालवणी बाहेर पडतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"फीवर टॅक्स लावलानी मेल्यांनी! म्हणजे माझा खिसा मारला, आणि खिसा मारल्याची पावती फाडली तीपण माझ्याच पैशांनी!"

एकदा साइटवाल्यांचा मेल आला की आम्ही आपल्या प्रगतीतले भागीदार आहोत. तात्यांनी उत्तर पाठवलं, "भागीदार असाल तर उद्या सकाळी सात वाजता चिंच घासायला या." कोणी आलं नाही. तात्या मात्र सव्वासातपर्यंत दार उघडं ठेवून बसले होते, मी पाहिलंय. मग त्यांनी साइटवरच्या मदतीच्या खिडकीत लिहायला सुरुवात केली. तिथे माणूस नसतो, यंत्र उत्तर देतं. तात्यांना ते पटत नाही. "तुझ्या मालकाला बोलव," असं लिहून ते वाट बघत बसतात. यंत्र म्हणतं, क्षमस्व, मला समजलं नाही. "सॉरी बरोब्बर बोलतो," तात्या म्हणतात, "पैसे द्यायचं नाव काढत नाय."

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की जगात काहीही घडलं तरी तात्यांचा प्रश्न एकच. माझ्या लेकीला ब्याऐंशी टक्के पडले. मी पेढे घेऊन गेले. "ब्याऐंशी ठीक. क्लासची फी वजा कर. हातात काय पडलं?" आमचे सेक्रेटरी बाळा घाडी अष्टविनायक करून आले, त्यांनाही, "आठ गणपती केलेस, अ‍ॅसिडिटी झाली, पाकीट मारलं. हातात काय पडलं?" मी तर त्यांना बघितलं की पिशवी पाठीमागे लपवायला लागले होते.

आणि हाच माणूस एके दिवशी माझ्या खिडकीशी फोटो काढायला एक अडकित्ता घेऊन आला. फोटो नेहमी माझ्याच खिडकीत काढतो आम्ही, तिथे उजेड चांगला. पण हा अडकित्ता मी आधी पाहिला नव्हता. घोड्याच्या आकाराचा, मानेला दोन बारीक घुंगरं, आणि मूठ इतकी गुळगुळीत की कोणीतरी जन्मभर हातात धरली असावी.

"अय्या तात्या, केवढा गोड! ह्याचे पाच हजार तरी येतील."

"एकशे एक लिही."

"काय?"

"एकशे एक. फोटोत घुंगरां दिसांदे."

एका रुपयासाठी यंत्राशी भांडणारा माणूस पाच हजारांची वस्तू एकशे एकला काढतोय! मला कसं पटावं? मी तडक खाली घाडींकडे गेले. म्हटलं, तात्यांचं काहीतरी बिनसलंय. पैशांची नड असणार, मानी माणूस, तोंडाने बोलणार नाही. घाडींनी छातीवर हात ठेवला. "सुनंदाताई, लिलावच आहे ना? मग आपण काय मेलोय?"

आता इथे आमच्या सोसायटीची रीत सांगायला हवी. दरवर्षी सत्यनारायणाची पूजा झाली की कलशावरच्या नारळाचा लिलाव होतो. तीस रुपयांचा नारळ. घाडी माइक घेऊन उभे राहतात आणि बघता बघता तो तीन हजारांवर जातो. नारळ कोणालाच नको असतो. बोली चढवायची ती मंडळाच्या प्रेमाखातर, टाळ्या वाजवायच्या, आणि पैसे सवडीने द्यायचे, पुढच्या पूजेच्या आधी दिले म्हणजे झालं. लिलाव म्हटला की आम्हाला एवढंच ठाऊक.

त्या संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगने साइटवर खाती उघडली. तात्यांना पत्ता लागू दिला नाही. एकशे एकाची पहिली बोली आमच्या आधीच कोणीतरी लावली होती. नाव साइट दाखवत नाही, पहिलं अक्षर, चांदण्या आणि शेवटचं अक्षर एवढंच दिसतं. खाली ठिकाण, सांताक्रूझ. आम्ही दोनशे केले. सांताक्रूझवाल्याने दोनशे दहा. आम्ही पाचशे, त्याने पाचशे दहा. "कोण आहे हा चिकट?" घाडी चिडले. "दहा-दहा रुपयांनी चढतोय!" मग आम्ही पेटलोच. घाडी जिन्यात उभे राहून नारळाच्या लिलावासारखे ओरडायला लागले, "हजार एक वार!" पाच दिवस हे चाललं होतं. तात्या नेमके त्या आठवड्यात कान दुखतो म्हणून कापूस घालून, मोबाइल बाजूला ठेवून बसलेले. शेवटच्या मिनिटाला सांताक्रूझवाला सहा हजार नऊशे दहावर थांबला आणि मी सात हजार टाकले. जिन्यात टाळ्या. कोणीतरी गुळाची ढेप फोडली.

आम्ही वरात घेऊन तात्यांच्या दारात गेलो. "तात्या, सात हजार! आता बोला, हातात काय पडलं?"

तात्यांनी कानातला कापूस काढला, मोबाइल बघितला आणि खुर्चीत बसले. मी वाट बघत होते की आता सुरू होणार, सात हजारांवर फी किती, पैसे पोचवल्याची किती, तिच्यावर जीएसटी किती. तात्या फीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

"तुमका कोणी सांगितल्यान होता?" ते एवढंच म्हणाले.

घाडी आणि बाकीचे गुळाची ढेप घेऊन गुपचूप उतरले. मी राहिले. मग तात्यांनी सांगितलं. सांताक्रूझवाला म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. सगळे त्यांना भाऊच म्हणतात. आईच्या तेराव्याला भाऊंनी तिचा हा अडकित्ता आठवण म्हणून पिशवीत टाकला, आणि तात्या बोलून गेले, "विचारून घ्यायची पद्धत आहे." चार माणसांत बोलले. भाऊंनी अडकित्ता काढून जमिनीवर ठेवला. "ह्या घरातली काडी माका फुकट नको," म्हणाले आणि चपला घालून गेले. त्यानंतर अकरा वर्षं फोन नाही, दिवाळी नाही, काही नाही.

"आणि ते या साइटवर आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

तात्यांनी दोन महिन्यांपूर्वीचा एक प्रश्न उघडून दाखवला. दुसऱ्याच एका अडकित्त्याखाली कोणीतरी विचारलं होतं, 'पोस्टेज इतके का? मी काय दळायचे जाते मागवतो आहे?' खाली सांताक्रूझ. "दुसरो कोण असतलो?" तात्या म्हणाले. "आमच्या घरातलोच." विकणाऱ्याचं नाव साइट लपवत नाही. म्हणजे भाऊंनाही माहीत होतं ते कोणाला विचारतायत. फुकट नको ना? मग विकत घे, एकशे एकाला. फी मी भरतो. असा सगळा बेत होता, आणि आम्ही त्यावर नारळ फोडला.

"सात हजार जांवदेत गो," तात्या म्हणाले. "पण त्याका आता वाटतला, मीच माझी माणसां लावून भाव चढवलंय. आवशीच्या अडकित्त्याक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. दहा-दहा रुपयांनी चढणारा तो चिकट माणूस सहा हजार नऊशे दहापर्यंत चढला होता.

मी माझी खरेदी रद्द केली. साइटने मला बेजबाबदार खरेदीदार असा शेरा दिला, तो अजून आहे. तात्यांनी अडकित्ता पुन्हा ठेवला, या वेळी लिलाव नाही, सरळ किंमत एकशे एक. फी पुन्हा भरली, एका शब्दाने कुरकुरले नाहीत. घाडींनी जिन्यात पाटी लावली, 'तात्यांच्या अडकित्त्याला कोणीही हात लावू नये.' पण देशातल्या बाकीच्यांना पाटी कशी लावणार? पाच हजारांची वस्तू एकशे एकला, कोणीही उचलली असती. सकाळी ठेवला, दुपार झाली तरी सांताक्रूझहून हूं नाही की चूं नाही. तात्या मोबाइल मांडीवर ठेवून बसलेले. तो वाजला की दचकायचे, आणि कर्ज हवंय का विचारणारी बाई असायची.

शेवटी मला राहवेना. गुन्हा माझा होता. मी घरी येऊन त्या अडकित्त्याखाली, जिथे प्रश्न विचारतात तिथे, लिहिलं: 'भाऊ, मी तात्यांची शेजारीण सुनंदा. सात हजार मी लावले. आमच्याकडे पूजेच्या नारळाची बोली प्रेमाने चढवतात, तसं वाटलं. तात्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते अडकित्ता तुमच्यासाठीच ठेवून बसलेत. रागवायचं तर माझ्यावर रागवा.' सगळ्या देशाला वाचता येईल असं लिहिलं. म्हटलं, वाचू देत.

वीस मिनिटांनी तात्या माझ्या दारात. चष्मा कपाळावर, मोबाइल पुढे. "वाच. मोठ्यान वाच."

अडकित्ता विकला गेला होता. खाली निरोप होता: 'ऑनलाइन पैसे भरले तर तुझे कापतात. पोस्टाचे वेगळे. त्या लुटारूंना कशाला द्यायचे? रविवारी येऊन घेऊन जातो. रोख देईन.'

तात्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

रविवारी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावून बसवलं. दहाला भाऊ आले. तात्यांचीच दुसरी प्रत, फक्त केस जास्त पांढरे.

"इलंस?" तात्या म्हणाले.

"इलंय. स्टेशनावरसून रिक्षावालो चाळीस मागी होतो. चलत इलंय."

"बरा केलंस."

अकरा वर्षांनी भावाशी बोलायचं ते हे! मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. भाऊंनी खिशातून शंभराची नोट आणि वर एक रुपया काढून टेबलावर ठेवला. तात्यांनी नको-बिको म्हटलं नाही, मुकाट्याने पैसे उचलून खिशात टाकले. मग अडकित्ता दिला. भाऊंनी तो उघडला, मिटला. घुंगरं वाजली. त्यांनी पुन्हा उघडला, पुन्हा मिटला, आणि मग नाक पुसायला रुमाल शोधत बसले.

तात्या उठून चहा घेऊन आले. भाऊंचा कप काठोकाठ भरला होता. चमचा बशीत होता, पण तात्यांनी त्या कपातून एक थेंबही काढला नाही. तो चमचा उचलून ते माझ्याकडे वळले आणि माझ्या कपातून मोजून तीन चमचे काढले, वर दोन थेंब जीएसटीचे, आणि सगळं भाऊंच्या कपात ओतलं. मी कप आणखी पुढे सरकवला.

चहा कपाबाहेर येऊन बशीत उतरायला लागला.

"सांडता रे," भाऊ म्हणाले.

"सांडांदे," तात्या म्हणाले, आणि आपल्या कपातलाही ओतू लागले.