पुस्तक संपेपर्यंत उकळावे

नाताळचं पुडिंग किती वेळ उकळायचं, असं कुणी विचारलं की थेल्मा पेन्गेली सांगायची, "पुस्तक संपेपर्यंत." विचारणारी बाई हसायची, घरी जाऊन घड्याळ लावायची, आणि मग तिचं पुडिंग थेल्मासारखं व्हायचं नाही. थेल्मा चेष्टा करत नव्हती. डिसेंबरातल्या एका रविवारी परसातल्या शेडमध्ये तांब्याचा हंडा चुलीवर चढायचा, फडक्यात बांधलेलं पुडिंग त्यात सोडलं जायचं आणि थेल्मा शेजारी वेताच्या खुर्चीत बसून दरवर्षी तेच पुस्तक मोठ्याने वाचायची. कुठल्याशा उत्तरेकडच्या गावातली गोष्ट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बर्फ. बाहेर इथल्या डिसेंबरातल्या भर उन्हाळ्याने छपराचा पत्रा कडकड वाजायचा आणि पुस्तकातली माणसं शेकोटीजवळ मोजे वाळवत बसायची. एक प्रकरण संपलं की तिचा नवरा क्लॅरी उठून हंड्यात किटलीभर उकळतं पाणी ओतायचा. पुस्तक संपलं की पुडिंग झालं.

थेल्मा जुलैत गेली.

ऑक्टोबरात क्लॅरीने फोनवर मुलीला सांगून टाकलं, "यंदा नाताळ नको. मी धक्क्यावर गळ टाकून बसेन."

"आणि जेवायला?"

"सँडविच नेईन."

मेरिन ॲडलेडला कॉलेजात साहित्य शिकवायची. वाद कसा घालायचा हे तिला माहीत होतं. पण पेन्गेलींच्या घरात वाद घालायची पद्धत नव्हती, काहीतरी शिजवायची पद्धत होती.

"मी पुडिंग केलं तर?"

"ती करायची तसं?"

"अगदी तसं."

"तसं झालं तर बसेन टेबलावर," क्लॅरी म्हणाला. "नाहीतर माझं सँडविच आहेच."

ठरलेल्या रविवारी मेरिन ब्रँडीत मुरवलेले बेदाणे मांडीवर घेऊन पोर्ट मॉर्वेनला आली. रीतीप्रमाणे दोघांनी डोळे मिटून, मनात एकेक इच्छा धरून, पूर्वेकडून पश्चिमेकडे मिश्रण ढवळलं. दोघांनी काय मागितलं ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते मिळण्यासारखं नव्हतं. मग क्लॅरीने शेडमध्ये चूल पेटवली.

इथे पहिली चूक झाली. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी रेडिओवर दुसऱ्या दिवशीची आगबंदी जाहीर होते. बंदी असली की उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. क्लॅरी कितीतरी वर्षं गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कॅप्टन होता आणि बंदी मोडणाऱ्यांना त्याने भर बाजारात झापलेलं होतं. पण घोषणा ऐकायचं काम थेल्माचं. ती ऐकायची आणि जेवताना त्याला सांगायची. या शनिवारी कुणी सांगितलं नाही.

मेरिन वाचू लागली. लहानपणी या रविवारी ती दिवसभर समुद्रावर असायची, त्यामुळे पुस्तक तिला नवंच होतं. ती चांगलं वाचायची, पण क्लॅरीला ते पटेना.

"नाव तसं नाही त्याचं."

"तसंच आहे बाबा. त्यांच्या भाषेत पहिलं अक्षर तसं म्हणतात."

"आई योर्गन म्हणायची."

"मग योर्गन."

"आणि इतकं घाईने नको. तिथे बर्फ पडतोय."

मेरिनने बर्फ सावकाश पाडला. योर्गन म्हणजे नावाडी आणि मार्गेट म्हणजे त्याची बायको. पहिली प्रकरणं सुखाची होती. क्लॅरी प्रत्येक प्रकरणानंतर पाणी ओतत होता, हंडा गुरगुरत होता, आणि लवंग-दालचिनीचा वास परसभर पसरला होता. जुलैनंतर पहिल्यांदाच बापाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाल्यासारखा मेरिनला वाटला.

मध्यावर मार्गेट तापाने अंथरुणाला खिळली, आणि तिथेच दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. क्लॅरी किटली भरायला आत गेला होता. पिठाचा हात लागला असेल, असं मेरिनला वाटलं. वास्तविक पीठ या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखं, अगदी निगुतीने लावलेलं होतं. पण चिकटलेली पानं तशीच टाकून पुढे जाणं तिच्या रक्तात नव्हतं. मुलांना ती हेच शिकवत आली होती की मधलं गाळू नका. तिने ती पानं हंड्याच्या वाफेवर धरली. पाकिटासारखी अलगद सुटली.

क्लॅरी येऊन बसला. मेरिन वाचत गेली आणि पहाटे, दिव्यातलं तेल संपायच्या आत, मार्गेट मेली.

"थांब," क्लॅरी म्हणाला. "चुकीचं वाचलंस."

"नाही बाबा."

"सकाळी तिचा ताप उतरतो. ती उठून सूप मागते."

"इथे तसं नाहीये."

"अगं, तीस वर्षं ऐकतोय मी. ताप उतरतो, ती सूप मागते आणि योर्गन बाहेर पायरीवर बसून रडतो."

"रडतो ना. इथेही रडतो."

क्लॅरीने किटली खाली ठेवली. "मला वाटायचं, आनंदाने रडतो."

मेरिनला तेव्हा पिठाचा अर्थ कळला, आणि आणखी एक गोष्ट कळली जी न कळती तर बरं होतं. जुलैत हॉस्पिटलातून निघताना क्लॅरी रोज रात्री नर्सला सांगायचा, "सकाळी ताप उतरेल." मेरिनला ती नुसती बोलायची पद्धत वाटली होती.

"दे इकडे," क्लॅरी म्हणाला. त्याचा चष्मा घरात होता. चष्म्याशिवाय, पुस्तक हातभर लांब धरून, ओळीखाली बोट फिरवत तो ती दोन पानं वाचू लागला. शेवटाला आला की पुन्हा पहिल्या ओळीवर जायचा. मेरिनने त्याला अडवलं नाही. प्रकरण संपलं नाही, म्हणून पाणी ओतायलाही कुणी उठलं नाही. नियमच तसा होता.

आधी हंडा गुरगुरायचा थांबला. मग फडकं जळाल्याचा वास आला. मग काळा धूर छपराखालून बाहेर पडून उत्तरेच्या तापलेल्या वाऱ्याबरोबर शेजारच्या बेरिल ट्रेझाइझच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरला. बेरिलने शनिवारी रेडिओ ऐकला होता. तिने आधी पुतण्याला फोन केला आणि मग चादरी काढल्या.

पुतण्या म्हणजे रसेल, दलाचा सध्याचा कॅप्टन. बंब थेट परसात आला, पाण्याचा झोत शेडमध्ये गेला, हंडा कलंडला, आणि कोळसा झालेला एक गोळा गडगडत येऊन रसेलच्या बुटाला टेकला.

"हे काय?"

"पुडिंग," मेरिन म्हणाली.

"थेल्माकाकूंचं?"

"होणार होतं."

रसेलने पाय हळूच मागे घेतला. मग तो क्लॅरीकडे वळला. कामगिरी अवघड होती, कारण पाइप धरायला त्याला याच माणसाने शिकवलं होतं.

"कॅप्टन, आज आगबंदी आहे."

"असं का."

"उत्तरेचा वारा सुटला की काडेपेटी खिशातून काढायची नाही, हे तुम्हीच घोकून घेतलंत आमच्याकडून."

"बरोबर घोकून घेतलं."

"मग हे असं कसं झालं?"

क्लॅरी ओलाचिंब उभा होता. पुस्तक त्याने शर्टाच्या आत धरलं होतं. "मार्गेट गेली," तो म्हणाला.

रसेलने हेल्मेट काढलं. त्याच्या मागच्या दोघांनीही काढलं.

"कधी?"

"आत्ताच. मला आत्ताच कळलं."

"मला ठाऊक नव्हतं हो. माफ करा कॅप्टन." रसेलने दंडाचं पुस्तक खिशात परत घातलं. "आज मी काही लिहीत नाही. तुम्ही आत जाऊन बसा."

खुलासा करायची वेळ हीच होती. मेरिनने तोंड उघडलंही. पण "मार्गेट पुस्तकातली आहे" हे वाक्य, हेल्मेट काढून उभ्या असलेल्या तिघांसमोर, तिला कुठून सुरू करावं ते कळेना. तोवर बंब निघून गेला होता.

संध्याकाळी बेरिल ओव्हनमध्ये भाजलेला खिमा घेऊन आली. वरून बटाट्याचा थर, भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी. जुलैत याच भांड्यातून हाच खिमा आला होता.

"एकाच वर्षात दोन," बेरिल म्हणाली. "क्लॅरी, देवाला काही कळतं की नाही रे?"

"बेरिलमावशी, मार्गेट म्हणजे ना..." मेरिन म्हणाली.

"तू बोलू नकोस बाळ. आधी जेव. काय वय होतं तिचं?"

"सत्तरीची असेल," क्लॅरी म्हणाला.

"तुमच्याकडे यायची?"

"दर डिसेंबरात."

"मी कशी पाहिली नाही कधी?"

"शेडमध्येच असायची," क्लॅरी म्हणाला. त्याने खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि नवरा?"

"योर्गन. नावाडी आहे."

"एकटा पडला बिचारा."

"हो," क्लॅरी म्हणाला. "मला माहीतच नव्हतं की तो एकटा पडलाय. मी आपला दरवर्षी पाणी ओतत बसलो."

बेरिलला यातलं शेवटचं वाक्य समजलं नाही, पण तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मार्गेटच्या आत्म्यासाठी आणि दूर देशी शोक करणाऱ्या योर्गनसाठी प्रार्थना म्हटली. मेरिन बुटांकडे बघत राहिली. थेल्माच्या दफनानंतर क्लॅरी चर्चमध्ये गेलेला नव्हता. आज तो पुढच्या बाकावर बसला होता आणि "आमेन" त्याने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. घरी परतताना मेरिन म्हणाली, "बाबा, हे सांगायला हवं कुणाला तरी." क्लॅरी म्हणाला, "योर्गनला काय वाटेल?"

दोन दिवसांनी दक्षिणेकडून गार वारा आला आणि मेरिनने दुसरं पुडिंग बांधलं. या वेळी हंडा नाही, स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं. क्लॅरी टेबलाशी किटली घेऊन बसला. पुस्तक भिजून फुगलं होतं. सुटलेली दोन पानं आता वेगवेगळी, कडक वाळली होती.

त्या जागी आल्यावर मेरिनने दोन्ही पानं एकदम उलटली आणि म्हणाली, "सकाळी मार्गेटचा ताप उतरला. उठून तिने सूप मागितलं."

क्लॅरीने डोळे मिटून घेतले होते. पुढे मात्र मेरिन अडली. पुढच्या प्रकरणांत मार्गेट कुठेच नव्हती. आईने हे इतकी वर्षं कसं निभावलं असेल?

"आतल्या खोलीत असायची," डोळे न उघडता क्लॅरी म्हणाला.

मग मेरिनने तिला आतल्या खोलीत बसवलं. पण योर्गन टेबलावर दोन वाडगे मांडतो आणि एक परत फडताळात ठेवतो, ते तिच्याने वाचवेना. ते तिने सोडलं. तो मार्गेटची शाल घडी करून पेटीत ठेवतो, तेही सोडलं. शेवटी बर्फ वितळतो, खाडी मोकळी होते आणि तो एकटाच होडी पाण्यात लोटतो. त्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीला ती थांबली. तिने बापाकडे पाहिलं. त्याची मान छातीवर कलली होती. तिने एकदम शेवटचं पान उघडलं, शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. पुस्तक संपलं, म्हणजे पुडिंग झालं. तिने ते बाहेर काढून खुंटीला टांगलं.

नाताळच्या दिवशी क्लॅरी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलावर बसला. मेरिनने पुडिंग गरम करून आणलं, वर ब्रँडी ओतून पेटवली आणि निळी ज्योत विझल्यावर सुरी घातली. बाहेरून काळंभोर, देखणं. आत मधोमध पिठाचा पांढरा, ओला गोळा.

तिने सुरी खाली ठेवली. "बाबा, राहू दे. नाही जमलं मला."

क्लॅरीने बशी पुढे ओढली. एक घास शिजल्या भागाचा घेतला, मग एक कच्च्या भागाचा, आणि बराच वेळ चघळत राहिला.

"तुझी आई फक्त दोन पानं गाळायची," तो म्हणाला. "तू तर अख्खा वसंत गाळलास."

"मला वाटलं, तुम्हाला झोप लागली."

"मी डोळे मिटले की झोप लागली, असं वाटतं सगळ्यांना." तो उठला. किटली नळाखाली धरली, गॅसवर ठेवली आणि पुन्हा येऊन आपल्या जागी बसला. "बांध ते परत फडक्यात," तो म्हणाला, "आणि राहिलेलं वाच."