बयाबाईच्या ओव्यांचं अपहरण

घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणारा हौशीराम हा महाराष्ट्रातला एकमेव गुप्तहेर होता, जो बंद घड्याळाकडे नुसता एक कटाक्ष टाकून ते बंद आहे हे सांगू शकत असे. हे वाक्य त्याचंच. उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग चढवलं की त्याला मुंगीच्या पायातले पैंजण दिसत. फक्त समोरचा माणूस दिसत नसे. त्याने उकललेल्या प्रकरणांची यादी इथे देता आली असती, पण यादीला निदान एक प्रकरण लागतं.

फावल्या वेळात तो आंबेगाव-जुन्नर बोली व साहित्य मंडळाचा कार्यवाह होता. मंडळाचं काम दोन्ही तालुक्यांची बोली जपणं. जपणं म्हणजे वर्षातून एकदा मांडव घालून तिच्यावर पुस्तकी भाषेत भाषणं करणं.

१९९८चं संमेलन शिनोलीत होतं. सकाळी मांडवामागच्या खोलीत हौशीरामने आपली पिशवी उघडली. पिशवीत फक्त पिशवी होती.

बयाबाईच्या कॅसेटी गेल्या होत्या.

(यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून कंसात. शिनोलीची बयाबाई मंडळासाठी टेपवर जात्यावरच्या ओव्या म्हणाली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती वारली. तिचा साधा फोटोही कुणी काढला नव्हता. तिची लेक लंकाबाई पारगावला दिलेली, ती आज येणार होती, कारण हौशीरामने तिला शब्द दिला होता, "ताई, आईचा आवाज ऐकवतो.")

"पोपट, चोरी झालीय," हौशीराम म्हणाला.

पोपट मंडळाचा खजिनदार. खजिना नसल्यामुळे तो सहायक म्हणून मोकळा असे.

"कशात ठेवल्या व्हत्या?" त्याने विचारलं.

"ते गुप्त आहे."

"माझ्यापासनं?"

"चोरापासून. आणि तू चोर नाहीस हे अजून सिद्ध कुठं झालंय?"

सिद्धांत पहिला: जुन्नर

"जुन्नरवाल्यांचं काम. पुढचं संमेलन त्यांना हवंय."

"जुन्नरची मंडळी अजून आल्यालीच न्हाईत राव. त्यांची जीप नारायणगावात पंक्चर झालीया."

हौशीरामने डोळे बारीक केले. "म्हणजे न येताच चोरी. सराईत आहेत."

सिद्धांत दुसरा: सयाजी साउंडवाला

हौशीरामने भिंग चढवलं आणि सयाजीच्या वायरींच्या जंजाळात वाकून तपासणी सुरू केली.

"बोटं काळी कशानं झाली?"

"ग्रीसनं."

"कॅसेटची फीतही काळी असते."

"तपकिरी असती, भाऊ. आन तुमी मगाधरनं माझं बोट न्हाई, माइक बघताय. चालू हाय त्यो."

संशयित घाबरलेला दिसतो, हे हौशीरामचं पुढचं वाक्य त्यामुळे साऱ्या शिनोलीने ऐकलं.

सिद्धांत तिसरा: कटू, पण आवश्यक

"पोपट, तुझी उसाच्या तुऱ्याची कविता मी कार्यक्रमातून काढली. हेतू सापडला."

"ती गेल्या वर्षी काढली. यंदा मी दिलीच न्हाई."

"म्हणजे वर्षभर कट शिजत होता!"

पोपट काही बोलला नाही. तो हौशीरामचा सहायक होता. न बोलण्याचा त्याला सराव होता.

सिद्धांत चौथा

उरला नव्हता. म्हणून झडती. पेटीचा भाता उघडला, चहाचं पातेलं ढवळलं, स्वागताध्यक्षांचा फेटा सोडून पुन्हा बांधला. तो काही पहिल्यासारखा बसला नाही. राहिला फक्त व्यासपीठावरचा चंदेरी पुडा.

त्या पुड्याचं असं होतं. मंडळाच्या शब्दसंग्रहाचं आज प्रकाशन. पण छापखान्याचा निरोप आला, बांधणी ओली आहे. मंडळाची पुस्तकं प्रकाशनाच्या दिवशी कधीच तयार नसत. तेव्हा रिवाजाप्रमाणे हौशीरामने पोपटच्या बायकोला, प्रयागबाईला सांगितलं होतं, "पुस्तकाच्या मापाचं कायतरी गुंडाळा, वर रिबीन बांधा." दोन वर्षांपूर्वी याच रीतीने पाहुण्यांच्या हस्ते टेलिफोन डिरेक्टरीचं प्रकाशन झालं होतं. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या.

"ह्यो पुडा बी सोडू का?" पोपटने विचारलं.

"खबरदार! रिबीन पाहुण्यांच्याच हातानं सुटते. मंडळाची रीत मोडून तपास करायचा नाही मला."

एवढ्यात लंकाबाई आली. पारगावहून दोन एसट्या बदलून. व्यासपीठावर पुण्याचे पाहुणे स्थानापन्न होत होते. तिने पदराची गाठ सोडून एक कोरी कॅसेट पुढे केली; प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"भाऊ, आईचं समदं ह्याच्यात भरून द्या. घरी ऐकंन म्हणते. लई दिस झालं ऐकून."

हौशीरामने भिंग काढून खिशात ठेवलं.

"ताई... हरवल्या."

लंकाबाईने हात मागे घेतला नाही. कोरी कॅसेट तशीच पुढे धरलेली.

"कशात ठेवल्या व्हत्या?"

गुप्त आहे, असं तिला सांगणं काही त्याला जमलं नाही.

"शर्टाच्या खोक्यात. वाजू नयेत म्हणून मफलरीत गुंडाळून. चोराला वाटावं, नुसता शर्ट आहे."

मागे कपांचा ट्रे खणाणला.

"अगं बया!" प्रयागबाई म्हणाली. "त्यो खोका? भावजी, त्यो तर मी तुमच्या पिशवीतनं काढून पुड्यात बांधला! मापाला लई बरोबर आला."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तुमी कॅसेटी हुडकत व्हता. शर्ट कुठं हुडकत व्हता?"

चोराला वाटलं नाही, पण प्रयागबाईला वाटलं होतं. हौशीरामची युक्ती आयुष्यात पहिल्यांदाच सफल झाली होती.

तो व्यासपीठाकडे धावला, पण रिबीन सुटली होती. पाहुण्यांनी रीतीप्रमाणे ग्रंथ डोक्यावर उंच धरला. खोक्याच्या झाकणावर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक मिशीवाला कमरेवर हात ठेवून सभेकडे पाहत होता. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. पाहुणे अनुभवी होते. त्यांचा चेहरा हललासुद्धा नाही.

सयाजीने पहिली कॅसेट घातली. मांडव शांत झाला. लंकाबाई कर्ण्याच्या अगदी खाली जाऊन बसली.

कर्ण्यातून हौशीरामचा आवाज आला.

"मी, मंडळाचा कार्यवाह, पंचक्रोशीत सुपरिचित, सूक्ष्म निरीक्षणाबद्दल ख्यातनाम..." ओळख चालू राहिली. माणसं खोकली. काही चहाला उठली, चहा पिऊन परत आली. ओळख चालूच होती. खरा हौशीराम मांडवाच्या खांबाआड गेला. खांब अरुंद होता.

मग कर्ण्यातून दुसरा आवाज आला, खरखरीत आणि ठसक्याचा:

"झालं का रं बाबा तुझं? आता गप ऱ्हा. मला म्हनू दे."

सगळा मांडव हसला. सगळ्यांत मोठ्याने लंकाबाई. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि तो तिथेच राहिला, कारण मागून जात्याची घरघर सुरू झाली होती.

*पारगावाच्या वाटंला, ऊस वाढलाय दाट*
*लंका माजी दिसंना गं, किती बघू तिची वाट*

कॅसेट संपली तरी कुणी उठेना. शेवटी लंकाबाईच उठली, खांबाजवळ आली आणि कोरी कॅसेट हौशीरामच्या हातात दिली.

"भरून देतो, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. "माझं सुरुवातीचं तेवढं काढून टाकतो."

"नगा काढू, भाऊ. राहू द्या."

हौशीरामची मान जरा वर आली. "आवडलं?"

"न्हाई. पण तुमाला गप केल्याबगार आई सुरू व्हत न्हाई."