कडकडीत, शनिवारी सहा वाजता

अख्खी बाजारपेठ ठप्प करणारा रॉक बँड या शहरात एकच होऊन गेला. आमचा! नाव ‘कडकडीत’. कॉलेजच्या शेवटच्या बाकावर जन्मला आणि प्राचार्यांनी तिसऱ्याच दिवशी त्याचा गळा दाबला.

पुढं आम्ही पोटापाण्याला लागलो. ड्रमवाला दातांचा डॉक्टर झाला, बेसवाला गणिताचा मास्तर, आणि मी, म्हणजे गायक, विमा कंपनीत चिकटलो. ड्रम मात्र बावीस वर्षं आमच्या बेडरूममध्ये! बायकोनं कपाट उघडलं की झांज वाजायची.

शेवटी ती म्हणाली, “अहो, एक कार्यक्रम करून दाखवा. दोनशे खुर्च्यांचा टाउन हॉल भरला तर ड्रम राहतील. नाहीतर सोमवारी भंगारवाला!”

“भरला म्हणून समज!”

पोस्टरचा मजकूर मी स्वतः लिहिला. ‘शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, कडकडीत बँड! मोठ्या संख्येनं सामील व्हा!’ छापखान्यातून प्रूफ आलं, तेही बारकाईनं तपासलं. म्हणजे माझा फोटो तपासला. तोंड उघडं, मूठ वर, हातात माइक. झकास!

पोस्टरं लागली आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांचा फोन.

“साहेब, शनिवारी आम्ही सगळे तुमच्यासोबत! एकही दुकान उघडं दिसणार नाही!”

“माझ्यासाठी दुकानं बंद? अहो, डोळ्यांत पाणी आणलंत!”

“पण तुमच्या मागण्या काय आहेत?”

“फार नाहीत हो. दोन माइक आणि एक टेबलफॅन.”

पलीकडून भारावलेला आवाज, “एवढ्यासाठी? धन्य आहे तुमची!”

शनिवारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. टॅक्सीसुद्धा मिळेना. ड्रम डोक्यावर घेऊन निघालो.

डॉक्टर खूश. “बघ लेका, सगळे आधीच हॉलवर पोचलेत!”

हॉलला कुलूप! पहारेकरी म्हणाला, “आज बंद आहे.”

“अहो, आमचाच बँड आहे!”

“तेच सांगतोय. बंद!”

“बँड!”

“बंद!”

मास्तरनं भिंतीवरचं पोस्टर वाचलं आणि तो मटकन ड्रमवरच बसला. ‘शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, कडकडीत बंद!’

मी छापखान्यात फोन लावला. मालक कौतुकाचीच वाट बघत होता. “साहेब, शुद्धलेखनात मार खाता हं तुम्ही! ‘कडकडीत’पुढं ‘बँड’ येतं का कधी? चाळीस वर्षं छापतोय मी. गुपचूप दुरुस्त करून टाकलं!”

तेवढ्यात पोलिसांच्या गाड्या आल्या. इन्स्पेक्टर गरजले, “नेता कोण?”

बँडचा लीडर कोण, यावर बावीस वर्षं आमचं एकमत नव्हतं. त्या क्षणी झालं! दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. “दोनशे माणसं लावलीत मी बंदोबस्ताला! कशासाठी?”

“साहेब... ऐकायला?”

आठ वाजेपर्यंत बंदोबस्त हलवता येत नव्हता. साहेबांनी कुलूप उघडायला लावलं आणि हुकूम सोडला, “बसा!”

दोनशे खुर्च्या, दोनशे टोप्या! चालत आलेल्या बायकोला उभं राहावं लागलं, मंडळी, उभं! तिसऱ्या गाण्याला दोनशे दंडुके जमिनीवर ताल धरत होते आणि डॉक्टर ड्रम बडवता बडवता रडत होता. बायकोनं दोनदा डोकी मोजली आणि म्हणाली, “राहू द्या ड्रम. पण घरी नेणार कोण?”

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी! ती मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलीय. कधीही या आणि बघा. ‘टाउन हॉल परिसरात कडकडीत बंद.’

खालची ओळ फ्रेममध्ये बसेना, म्हणून तेवढी कापली. डॉक्टर ती वाचून अजून जेवत नाही.

‘कोठेही आवाज न होता शांततेत पार पडला.’